बोरीच्या पात्रातून

पेटी पिकअपमध्ये बांधली तेव्हा दुपारचे बारा.
धुळ्याहून निघालो. वैशाख असा
की स्टेअरिंगला फडकं गुंडाळावं लागतं.
पेटी काचेची, आत गारवा धरणारी,
गेलेल्या माणसाला थोडं थांबवून ठेवायला लागते ती.
बोरपिंप्रीत एक म्हातारी पहाटे गेली होती
आणि तिचा मुलगा सुरतेहून निघाला होता.

फोनमधली बाई म्हणाली, सत्तावन्न मिनिटं.
ती घाई करत नाही, दमत नाही,
पारोळा असं म्हणते
जणू पहिल्यांदाच वाचतेय पाटीवर.
सात वर्षं मी तिचंच ऐकतोय.
तिनं कधी खोटं सांगितलं नाही,
एवढंच की जे तिला माहीत नाही
तेही ती त्याच आवाजात सांगते.

पारोळ्यापुढे पूल उखडलेला.
मुरमाचा ढीग, जेसीबीच्या सावलीत झोपलेला पोरगा,
रस्ता बंद.
बाई म्हणाली, मागे वळा. एक्केचाळीस किलोमीटर जास्त.
तेवढ्यात घरून फोन, अजून किती लांब?
मागे बायांचा आवाज. आणि ऊन.

टपरीवर लोटनआबा बसलेले.
(नाव नंतर कळलं.)
त्यांनी हात उचलला नाही, हनुवटीनं दाखवलं.
"हाऊ गाडरस्ता धर. दोन बिडीनं अंतर.
मंग नदी लागी. नदीमाईनच जाय."
नदीतून?
"आते कथाईन पानी? चैत सरना का नदीच रस्ता."

मी बिडी ओढत नाही,
त्यामुळे अंतर कळेना.
बाभळी संपल्या आणि एकदम
पांढरीफेक वाळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
फोनवर तिथं निळा पट्टा होता.
माझा बाण निळ्यात शिरला.
बाई आधी गप्प झाली.
मग, यू-टर्न घ्या.
यू-टर्न घ्या.
तिच्या हिशेबात मी बुडत होतो.

आणि मध्यावर पुढचं चाक खरंच बसलं.
आबांची नदी गेल्या वर्षीची होती.
त्यानंतर रात्री-रात्री ट्रॅक्टर आले होते,
वाळू गेली होती, खड्डे राहिले होते,
ते ना फोनमध्ये होते, ना टपरीवर.

भुराबाई आठ शेळ्या घेऊन आली.
काही विचारलं नाही. काचेच्या पेटीकडे एकदा बघितलं.
डोक्यावरचं पोतं चाकाखाली घातलं,
वर काट्या, वर माझा स्टेअरिंगचा फडका.
गाडी निघाली तशी ती पुढे झाली,
काठीनं वाळू टोचत, एकेक पाऊल दाबत.
मी तिच्या पावलांवर चाक ठेवत गेलो.
एकच चाक बसायचं पावलांवर,
दुसरं देवाच्या भरवशावर.
शेळ्या मागून.

घरी लाइट होती. पेटीनं घुर्र केलं.
म्हातारी लहानखुरी, अर्ध्या पेटीत मावली.

मग मुलाचा फोन माझ्याकडे दिला.
साक्री सोडली म्हणाला. मोबाईल पुलावरून दाखवतोय.
पूल बंद आहे, मी म्हणालो,
टपरीपासून गाडरस्ता, मग नदीत उतरा,
डाव्या अंगाला खड्डे आहेत,
एका बाईची पावलं दिसतील, शेजारी शेळ्यांची,
ती धरा.
मी, धुळ्याचा, त्याला त्याच्याच गावात आणत होतो.

पलीकडे बराच वेळ नुसती
इंडिकेटरची टिकटिक.
मग हळू,
"माय शाळेले तठूनच लई जाये."

रात्री धुळ्यात फोन उघडला.
दिवसभराची रेघ बोरीत शिरून
अर्धा तास पाण्यात थांबलेली.
आजचा मार्ग कसा होता?
खाली पाच रिकामे तारे.
मी बोट लावलं नाही.
ओट्यावर बसून चपलेतली वाळू झटकली,
बरीच निघाली.